अकोल्याचा बर्फ, अमरावतीचं दूध

खुशालरावांनी शब्द दिला तेव्हा माइक चालू होता. तो बंद असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पाचदहा जणांनी ऐकलं असतं आणि दुपारच्या झोपेत ते विसरूनही गेले असते. पण अमरावतीच्या त्या सत्तर घरांच्या कॉलनीत वैशाखातल्या सप्ताहाचा तिसरा दिवस होता, कीर्तन नुकतंच संपलं होतं, बायामाणसं अजून मांडवात बसलेली होती आणि भोंगा नांदगाव पेठेच्या रस्त्याकडे तोंड करून बांधलेला होता. शब्द निघाला तो थेट रस्त्यापर्यंत गेला.

झालं असं, की मंदिर समितीचे अध्यक्ष महादेवराव सूचना द्यायला उठले. महादेवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याला पाणी सोडण्याआधी काढायची तशी सूचना ते आजही काढत. पारा पंचेचाळिसाला टेकलाय, काल्याच्या दिवशीचा गरम शिरा कोणाच्या गळ्याखाली उतरत नाही, सबब यंदा शिऱ्याऐवजी दुकानातून आईस्क्रीमचे तयार कप आणावेत, असं त्यांनी जाहीर केलं. पोरंटोरं खूश झाली. पहिल्या रांगेतले खुशालराव मात्र ताडकन उठले आणि महादेवरावांच्या हातातल्या माइककडे तोंड नेऊन म्हणाले, "देवाच्या प्रसादाले दुकानाचा कप? मी इथं बसलो असतानी?"

मांडव शांत झाला. खुशालरावांना शांत मांडव फार आवडायचा.

"चौतीस वर्षं बर्फ केला म्या. अकोल्याचा बर्फ आणतो, पॉट आणतो, आन् असं आईस्क्रीम करून देतो का वाटीत चमचा उभा राह्यला पाहिजे."

"आन् नाही राह्यला त?" महादेवरावांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण खात्याची सवय.

"नाही राह्यला, त पुढच्या वर्षी सप्ताहाच्या मांडवात मी पाय ठेवनार नाही."

ज्यांना खुशालराव ठाऊक होते त्यांना या शब्दाचं वजन कळलं. या माणसाचा जीव कीर्तनात. अकोल्याला बर्फाच्या कारखान्यात असताना पाळ्या बदलून घेऊन ते कीर्तनं ऐकायचे. इथं कॉलनीत राहायला आल्यापासून चार वर्षांत सप्ताहाचं एक कीर्तन त्यांनी चुकवलं नव्हतं. मृदंगवाल्याच्या डाव्या हाताची पहिल्या रांगेतली जागा त्यांची. बुवा चरणाला अडखळले, की पुढचा शब्द खालून खुशालराव हळूच पुरवायचे आणि बुवांनी नुसती मान हलवली तरी त्यांना दिवसभर जेवण गोड लागायचं. अशा माणसानं सप्ताह सोडायचा म्हणजे माशानं तळं सोडून फाटकाबाहेर उभं राहायचं.

घरी आल्यावर बायकोनं, पार्वताबाईंनी, ताट वाढता वाढता एवढंच म्हटलं, "देव अठ्ठावीस युगं उभा हाये, तेवढं पुरे नव्हतं. आता तुमी चमचा उभा करा."

सून प्रणाली कोचिंग क्लासमध्ये शिकवायची. तिला सासऱ्यांच्या बर्फाचा राग नव्हता, पण मैत्रिणींनी विचारलं, की ती "मामाजी रेफ्रिजरेशन लाइनला होते" असं सांगून विषय बदलायची. बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते, हे तिच्या तोंडून खुशालरावांनी कधी ऐकलं नव्हतं. बोलले नव्हते, पण ऐकलं नव्हतं हे त्यांना ऐकू आलं होतं.

काल्याच्या आदल्या दिवशी तयारीला लागताना त्यांचा ऊर नुसता भरून आला. बिछायत केंद्रातून भाड्यानं दोन मोठे पॉट आले. लाकडी पिंप, त्याच्या आत पत्र्याचं उभं भांडं, वर फिरवायचं हँडल. पंधरा किलो जाडं मीठ आलं, तेव्हा प्रणालीनं विचारलं, की मामाजी, आईस्क्रीम गोड असते ना, मग एवढं मीठ कशाला. खुशालराव जणू चौतीस वर्षं याच प्रश्नाची वाट पाहत होते.

"हे पाय बाई. पान्याले गोठाचं असलं का त्याच्या कनाकनानं एकमेकाचा हात धरा लागते. मधात मीठ विरघळलं, का हात धरता येत नाही. मंग नुसत्या शून्यानं त्याचं काही होत नाही, त्याले आनखी खाली न्या लागते. कारखान्यात आमची टाकी होती, खाऱ्या पान्याची. उणे दहाले बी पानी पातळच. त्या पान्यात गोड्या पान्याचे डबे सोडले, का डब्यात लादी तयार. तसंच हे. बर्फात मीठ घातलं का तो विरघळते आन् विरघळता विरघळता शून्याच्या लय खाली जाते. त्या थंडीत मधातल्या दुधाची काय हिंमत पातळ राह्याची?"

प्रणाली म्हणाली, की हे आमच्या पुस्तकात दोन पानांत आहे, पण असं नाही. खुशालरावांना त्या रात्री उशाला गार वाटलं.

आचाऱ्याच्या भट्टीवर तीस लिटर दूध आटवलं. साखर खुशालरावांनी स्वतः तोलून घातली, कारण साखरेचा हात सुटला तर घात होतो, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी गार दुधाचं पातेलं सभामंडपात, देवासमोर, पांढऱ्या धडप्याखाली ठेवलं. पार्वताबाईंना राखणीला बसवलं आणि ते बायपासवर गेले, कारण अकोल्याहून बर्फ घेऊन येणारा संघपाल रस्ता चुकला होता.

संघपाल म्हणजे खुशालरावांचा कारखान्यातला जोडीदार. चौतीस वर्षं दोघांनी एकाच टाकीवर काढली. संघपाल बुद्धविहारात जाणारा, खुशालराव देवळात; पण लादी कच्ची निघाली, की दोघं मिळून एकाच देवाला शिव्या द्यायचे, आणि तो देव म्हणजे कंप्रेसर. अमरावतीत बर्फ मिळत नव्हता असं नाही. पण खुशालरावांचं म्हणणं, अमरावतीचा बर्फ शिकलेला आहे, अकोल्याचा राबलेला आहे. संघपालनं भुशात आणि पोत्यात गुंडाळून आठ लाद्या पिकअपमध्ये टाकल्या होत्या. पोचेपर्यंत त्यातल्या सहाच उरल्या, पण उरल्या त्या काचेसारख्या.

"दोन लाद्या रस्त्यानं प्यायला काय रे?"

"तुह्या अमरावतीचं ऊन प्यालं. हे गाव तं आंघोळीच्या पान्यालेच चहा म्हनत असन."

दोघं मंदिराच्या मागच्या अंगणात आले तोवर नऊ वाजून गेले होते. पातेलं जागेवर होतं. पार्वताबाईंनी राखण अशी केली होती, की मांजर सोडाच, हात न धुतलेलं माणूसही दुधाजवळ फिरकलं नव्हतं. त्यांनीच तसं सांगितलं. खुशालरावांनी दूध ढवळून दोन्ही पॉटांत भरलं, बाहेरून बर्फाचा चुरा आणि मीठ यांचे थर दिले, आणि एका हँडलला ते, दुसऱ्याला संघपाल असे बसले.

समोर कीर्तन सुरू झालं. काल्याच्या कीर्तनाला परतवाड्याच्या आचलताई आल्या होत्या. वय असेल पंचवीस-सव्वीस, पण आवाज असा, की मांडवातले पंखे बंद पडले तरी लोकांच्या ध्यानात आलं नाही. खुशालरावांना ताईंचं कीर्तन भिंतीआडून ऐकावं लागतंय याचं वाईट वाटत होतं. पण मृदंग ऐकू येत होता, आणि हात आपोआप ठेक्यावर फिरत होता. विलंबित चाल लागली, की हँडल डुलत फिरायचं. गजर आला, की पॉट अंगणभर नाचायचा.

"खुशाल, ठेका सोड आन् पॉट धर. भजन तुह्या देवाचं हाये, कमर माही हाये." संघपाल म्हणाला.

एरवी पाऊण तासात हँडल जड होतं. आतलं घट्ट व्हायला लागलं, की हाताला कळतं. पाऊण तास झाला. हँडल विहिरीच्या रहाटासारखं हलकं फिरत होतं. खुशालरावांनी झाकण काढलं. दूध गार होतं, बाहेरच्या पत्र्यावर पांढरं दंव धरलं होतं, पण दूध होतं ते दूधच. जरा दाटसर, पळीवरून संथ ओघळणारं, पण दूध.

दोघा उस्तादांनी एकमेकांकडे पाहिलं.

पहिला इलाज म्हणजे आणखी मीठ. पंधराचे पंधरा किलो संपले. मग आचाऱ्याकडचं मीठ आलं. पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आचारी मिठाच्या डब्यावरच बसला होता, आणि वरण अळणी झालं तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही, असं म्हणून उठायला तयार नव्हता. पिंपातलं खारं पाणी एवढं गार झालं होतं, की संघपालनं बोट बुडवून बाहेर काढलं ते पाच मिनिटं दुसऱ्या कोणाचं तरी वाटत राहिलं. म्हणजे थंडीत खोट नव्हती.

"थंडीत खोट नाही, बर्फात खोट नाही," खुशालराव खाली आवाजात म्हणाले, "म्हंजे दुधातच काही तरी विरघळलं."

"मीठ," संघपालनंही तसाच आवाज खाली केला. "भांडं गळते. खारं पानी आत गेलं असन. आठवते का, सात नंबरचा डबा फुटला होता तेव्हा लादी अशीच कच्ची निघाली होती."

मीठ आत गेलं असेल तर आईस्क्रीम पातळ राहणार, एवढंच नव्हतं. सत्तर घरांच्या तोंडात खारट दूध जाणार होतं. आणि गेलं आहे की नाही, हे कळायचा उपाय जगात एकच होता. बोट बुडवायचं आणि चाखायचं.

पण देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य चाखायचा कसा?

चाखणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. जन्मात झालं नव्हतं. त्यांनी आशेनं संघपालकडे पाहिलं. संघपालनं बोट पुढं केलं, क्षणभर थांबला आणि मागं घेतलं. "नाही बापा. तुमच्या देवाच्या आधी मी खाल्लं, असं माह्या तोंडावर नको. इतके वर्ष तुह्या घरचा प्रसाद मी मागून खाल्ला, आता पहिला काहून खाऊ?"

मग चाखल्याशिवाय गळती शोधायचं काम सुरू झालं. एक भांडं बाहेर काढून कापडानं पुसलं, उन्हात धरून भोक पाहिलं. दुसऱ्याच्या बुडाला कान लावला. दूध इकडचं तिकडं ओतलं. या खटपटीत अर्धा तास गेला आणि भोक काही सापडलं नाही. महादेवराव मध्येच येऊन डोकावून गेले. फक्त घड्याळ पाहिलं. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

मांडवात काल्याचा प्रसंग जवळ येत होता. दहीहंडी फुटली, की नैवेद्य, आरती आणि प्रसाद. खुशालरावांनी प्रणालीला हाक मारली आणि समितीच्या पावतीच्या पाठीवर घाईनं चिठ्ठी लिहिली. 'ताई महाराज, दूध गोठून नाही राहिलं. थंडी भरपूर आहे, पण दुधात काही तरी विरघळलं आहे, काय ते समजत नाही. माझी इज्जत आणि पुढचा सप्ताह दोन्ही अडकले आहेत. कीर्तन अर्धा तास लांबवता आलं तर उपकार होतील. आपला श्रोता, खुशालराव.' प्रणाली चिठ्ठी घेऊन टाळकऱ्यांच्या मागून गेली आणि ताईंच्या हातात देऊन आली.

भोंग्यावर क्षणभर टाळ नुसते वाजत राहिले. मग ताईंचा आवाज आला. संथ, जणू काही घडलंच नाही.

"मायबाप, हंडी फोडायच्या आधी एक सांगते. साधं पाणी पाहा. जरा थंडी आली, की लगेच दगड होतं. त्यात वेगळं काही नसतं ना! पण ज्या पाण्यात काही विरघळलंय, ते तितक्या थंडीत दगड होत नाही. त्याला गोठवायला थंडीला जास्त मेहनत पडते. आपलंही तसंच आहे. आत गोडी विरघळलेली असली, तर जगानं कितीही गारठा टाकला तरी माणसाचा दगड होत नाही."

खुशालरावांचा हात हँडलवर थांबला. असं निरूपण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. संघपालही मान हलवू लागला.

"आणि गोडी कशी विरघळते?" ताई पुढं म्हणाल्या. "थोडी थोडी. मुठीमुठीनं. आज सकाळी मी दर्शनाला आले, तर काय पाहिलं? देवासमोर दुधाचं पातेलं, आणि एकेक माउली येते, हात धुते, आणि आपल्या घरची साखरेची मूठ त्या दुधात सोडते. कोणी लेकाच्या नावानं, कोणी लेकीच्या. माझीही एक मूठ पडली, मायबाप. सत्तर घरांची गोडी एका भांड्यात. बोला, जय जय राम कृष्ण हरी."

मांडव गजरात बुडाला. मागच्या अंगणात दोन माणसं पॉट धरून पुतळ्यासारखी उभी होती.

"मूठ," खुशालराव म्हणाले.

"मीठ नाही," संघपाल म्हणाला. "साखर."

पार्वताबाईंना मांडवातून बोलावणं गेलं. त्या आल्या त्या थोड्या रागातच, कारण गजर सोडून यावं लागलं होतं. काल्याच्या दिवशी प्रत्येक घरानं प्रसादाच्या भांड्यात आपल्या हातानं साखरेची मूठ टाकायची, ही मंदिर बांधलं तेव्हापासूनची रीत, हे यांना ठाऊक नाही यावर त्यांचा विश्वासच बसेना. चार वर्षं झाली, त्या म्हणाल्या, दरवर्षी आपलीही मूठ पडते. तुम्ही तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले असता.

"आन् मले कोनी सांगतलं नाही?"

"सूर्य उगवला हे कोनी सांगते का?" पार्वताबाई म्हणाल्या. "म्या तं एकेकीचे हात धुवून घेतले."

आचारी मिठाच्या डब्यावरून न उठताच म्हणाला, की म्हणून तर तो दरवर्षी शिऱ्यात साखर निम्मीच घालतो, उरलेली मायबहिणी घालतात. यंदा शिरा नाही म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

मग हिशेब निघाला तो असा, की घरं सत्तर असली तरी मुठी सत्तर नव्हत्या. पुण्याला असलेल्या लेकाची मूठ वेगळी. नागपूरला दिलेल्या लेकीची, जावयाची, होऊ घातलेल्या नातवाची वेगळी. एकीनं तर अमेरिकेतल्या सगळ्या कुटुंबाच्या मुठी मोजून टाकल्या होत्या, आणि तिकडं तेव्हा रात्र असल्यानं सगळे झोपले होते, तरी. खुशालरावांनी डोळे मिटून अंदाज केला. दहा-बारा किलो तरी साखर त्यांच्या तोललेल्या साखरेवर जाऊन बसली होती. एवढी साखर विरघळलेल्या दुधाला गोठवायचं म्हणजे हिमालय आणावा लागला असता.

पण आता रोग कळला होता आणि खुशालरावांच्या अंगात पुन्हा चौतीस वर्षं आली.

"संघ्या, पिकअप काढ. कोपऱ्यावरच्या डेरीत बिनसाखरेचं दूध जेवढं गार असन तेवढं आण. तीस लिटर. पॉटातलं अर्धं दूध काढून ठेवू, आन् तेवढंच साधं दूध टाकू. साखर निम्म्यावर आली, का बेटं गोठलंच पाहिजे."

संघपाल गेला तो दहा मिनिटांत पिशव्यांचे क्रेट घेऊन आला. अर्धं गोड दूध पातेल्यात परत गेलं, पॉटांत साधं दूध पडलं. उरलेल्या दोन लाद्यांतली एक फोडली. आचारी आपण होऊन उठला आणि मिठाचा डबा पुढं केला, वरणापुरतं ठेवून. हँडलं फिरू लागली. भोंग्यावर आचलताई श्रीकृष्णाच्या एकेका सवंगड्याची शिदोरी उघडत होत्या. कोणी भाकर आणली, कोणी ताक आणलं, कोणाकडे लोणच्याची फोडच, आणि एकेका फोडीवर पाच पाच मिनिटं. खुशालरावांनी इतकी सावकाश उघडलेली शिदोरी कधी ऐकली नव्हती, आणि त्यांना ती संपू नये असं वाटत होतं.

पंचविसाव्या मिनिटाला हँडल जड झालं. आधी किंचित. मग संघपालला उभं राहून जोर लावावा लागला. मग दोघांना मिळूनही ते हलेना.

"धरलं," संघपाल म्हणाला, आणि तो शब्द त्यानं असा म्हटला, जसा कारखान्यात पहिली लादी डब्यातून सुटल्यावर म्हणायचा.

पाऊण वाजता हंडी फुटली. नैवेद्याची वाटी खुशालरावांनी स्वतः भरली आणि देवासमोर ठेवली. मांडवातले लोक टाचा उंचावून पाहत होते. महादेवरावांनी नवा चमचा आणला होता. तो त्यांनी वाटीत मधोमध, नदीपात्रात पाणीपातळीची पट्टी रोवावी तसा रोवला आणि हात काढला. चमचा उभा राहिला. आरती सुरू झाली तरी उभा होता, मंत्रपुष्पांजलीला उभा होता, आणि सगळ्यांनी साष्टांग नमस्कार घातला तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तोही हळूच कलला.

"उभा राह्यला," महादेवरावांनी माइकवरून निकाल दिला. "आरतीपुरतं उभं राह्यलं का देवाच्या दारात पुरे असते."

आईस्क्रीम खरोखरच असं झालं होतं, की म्हातारी माणसं बोलायची थांबली. आणि गंमत अशी, की काढून ठेवलेल्या गोड दुधातही साधं दूध घातल्यावर तेवढंच आणखी तयार झालं. तीस लिटरचं साठ झालं. सत्तर घरांना पुरून उरलं, मग शेजारच्या कॉलनीला बोलावणं गेलं, मग रस्त्यावरच्या ऑटोवाल्यांना थांबवून थांबवून दिलं. कारण ते ठेवता येत नव्हतं. वैशाखात तसला प्रसाद वाटायलाच लागतो. एका ऑटोतल्या बाईनं विचारलं, की कुठल्या दुकानाचं आहे. वाढणारी प्रणाली होती.

"दुकानाचं नाही," ती म्हणाली. "आमचे मामाजी बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते, अकोल्याले. त्यांनी केलं."

खुशालराव पाठमोरे उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, फक्त हातातली पळी जरा जास्त वेळ पातेल्यात फिरवत राहिले.

त्या दुपारी त्यांना मांडवात बसवून महादेवरावांनी चारचौघांत विचारलं, की नेमकं साखरेचंच आहे हे ओळखलं कसं. खुशालराव टेकून बसले. थंडीत खोट नाही, बर्फात खोट नाही, मग राहिलं काय, दुधात विरघळलेलं. चौतीस वर्षांचा हात, दुसरं काय. लोक माना हलवत होते. पार्वताबाईही ऐकत होत्या आणि चक्क गप्प होत्या. संघपालनं एकदा घसा साफ केला, पण मित्र म्हणून पुढं काही बोलला नाही.

चार वाजता आचलताईंची गाडी परतवाड्याला निघाली. निरोप द्यायला खुशालराव गाडीपर्यंत गेले, पाया पडले आणि म्हणाले, की ताई, निरूपण असं, की हात थांबला. आणि बघा योगायोग, तुम्ही सहज मुठीचं बोललात आणि मला तिकडं कळलं.

आचलताई हसल्या. "सहज नाही, काका. तुमची चिठ्ठी वाचली. थंडी भरपूर आहे आणि काही तरी विरघळलंय, एवढं लिहिलं होतं तुम्ही. मी कीर्तनात यायच्या आधी अमरावतीलाच बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. सकाळचं पातेलं आठवलं आणि लगेच कळलं. मग दृष्टांत बदलला."

खुशालराव जागच्या जागी थिजले. त्या उन्हात तशी काही गरज नव्हती. मग म्हणाले, "मंग चिठ्ठीतच लिहून काहून नाही पाठवलं, ताई? चार लोकात मुठीचा गजर केला."

"लिहिणारच होते. पण चिठ्ठी घेऊन आलेल्या तुमच्या सूनबाई. सकाळी त्यांनीच माझ्यासमोर सात मुठी टाकल्या होत्या. त्यांच्याच हातून कसं पाठवू, की तुमच्या मुठीनं घात केला? मांडवात एकही माउली अशी नव्हती, जिच्या हातून पाठवता आलं असतं. म्हणून सगळ्यांनाच सांगितलं आणि त्याचं पुण्य करून सांगितलं. ज्यांना समजायचं त्यांना समजलं."

गाडी गेली. धूळ खाली बसली. खुशालराव परत येताना पायरीवर संघपाल भेटला, अकोल्याला निघायच्या तयारीत. त्यानं विचारलं, की ताई काय म्हणत होत्या. सांगावं की न सांगावं, असं खुशालरावांना दोन पावलं वाटलं. तिसऱ्या पावलाला त्यांनी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, केमिस्ट्री, दृष्टांत, सात मुठी.

संघपाल पायरीवर बसला आणि पोट धरून हसला. "म्हंजे तुहे चौतीस, माहे चौतीस, अडुसष्ट वर्षं आपन भांड्याले भोक पाहून राह्यलो, आन् त्या पोरीनं उभ्या उभ्या कीर्तनात इलाज सांगून टाकला."

पण खुशालरावांचा चेहरा पडला नव्हता. उलट सकाळपासून नव्हता इतका तो उजळत चालला होता. इतकी कीर्तनं त्यांनी ऐकली, सगळी परलोकाच्या कामाची. एखादं असं हँडलपर्यंत येऊन पोचेल, हे त्यांनी स्वप्नातही मागितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"सांगितलं तिनं, खरं हाये," ते म्हणाले. "पन कीर्तन कोनाच्या मंदिरात झालं, ते सांग."